आठव्या वर्षी की अकराव्या?

इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, शाळेत परकी भाषा कोणती होती, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, फ्रेंच. किती वर्षं शिकलात? पाच. आता काय काय येतं? माझं नाव अमुक, मला एक भाऊ आहे, स्टेशन कुठे आहे. इथे गाडी थांबते. त्यांच्यातले बरेच जण हसत हसत ला रोशेल या बंदरगावाचं नाव काढतील. 1980 साली निघालेल्या ‘त्रिकोलोर’ या पाठ्यपुस्तकमालेच्या पहिल्या भागात हे गाव पानोपानी भेटतं. तिथला बाजार, तिथलं बंदर, तिथली मुलं. लाखो इंग्रज मुलांनी ला रोशेल कधीही न पाहता तिथले रस्ते पाठ केले.

पाच वर्षं शिकून भाषा येत नाही, याचा दोष कुणाचा? इंग्रजांचं ठरलेलं उत्तर असं, की आम्हाला भाषा जमतच नाहीत. हे खरं मानायला काही आधार नाही. त्यापेक्षा आधी तास मोजावेत. तिथलं शालेय वर्ष 190 दिवसांचं, म्हणजे 38 आठवड्यांचं. आठवड्याला दोन तास फ्रेंचला दिले, तर वर्षाला 76 आणि पाच वर्षांत 380 तास होतात. यातून सुट्ट्या, परीक्षा, सहली आणि शिक्षक रजेवर असलेले दिवस वजा करायचे. उरलेल्या तासाला वर्गात तीस मुलं असतात. अर्धा तास बाईंनी बोलायचं म्हटलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला तोंड उघडायला एक मिनिट येतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवतात. तिथे इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी फ्रेंच सोप्या भाषांत मोडते, आणि तरीही लहान वर्गात, पगार घेऊन दिवसभर शिकणाऱ्या प्रौढांना कामापुरती फ्रेंच यायला सहाशे ते साडेसातशे तास लागतात असा त्यांचा हिशेब आहे. म्हणजे इंग्लंडातल्या शाळकरी पोराला त्याच्या निम्म्याच्या आसपास तास मिळतात, तेही पाच वर्षांत विखुरलेले, गृहपाठाला कंटाळून.

हा हिशेब कोणीही पाटीवर मांडू शकतो. तरी गेली साठ वर्षं वाद तासांवर झाला नाही. वाद झाला तो दोन गोष्टींवर: पद्धत कोणती वापरायची, आणि कितव्या वर्षी सुरुवात करायची.

पद्धतीची गोष्ट फ्रान्समधून सुरू होते. तोवर इंग्लंडातल्या शाळांत फ्रेंच शिकवली जायची ती लॅटिनसारखी: क्रियापदांची रूपं पाठ करायची, उतारा या भाषेतून त्या भाषेत न्यायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच सरकारला आपली भाषा जगभर सोपी करून पोहोचवायची होती. झॉर्ज गुगेनेम या भाषाशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली एका गटाने टेपरेकॉर्डर घेऊन लोकांची रोजची बोलणी टिपली. तीन लाखांहून अधिक शब्द जमले. त्यातून सर्वांत जास्त वापरले जाणारे शब्द काढून 1954 साली ‘मूलभूत फ्रेंच’ची यादी प्रसिद्ध झाली.

यादी करताना एक गंमत लक्षात आली. ‘असणे’, ‘करणे’, ‘जाणे’ हे शब्द वर होते, पण रोज जेवताना हातात येणारा काटा, फूर्शेत, त्या बोलण्यांत जवळपास आलाच नव्हता. काट्याने जेवणारी माणसं काट्याविषयी बोलत नाहीत. मग गुगेनेम यांच्या गटाने शाळकरी मुलांना विषय दिले, स्वयंपाकघर, कपडे, शरीर, प्रवास, आणि त्या विषयातले सुचतील ते शब्द लिहायला सांगितले. काटा तिथे ताबडतोब सापडला. वारंवार येणारे शब्द वेगळे आणि गरज पडली की हाताशी हवेत असे शब्द वेगळे, हे त्यामुळे कळलं. ही फोड आजही कामाची आहे. पुढे ती पुन्हा लागणार आहे.

या यादीवर आधारलेल्या अभ्यासक्रमांत पुस्तकाआधी चित्रफीत आणि टेप आली. पडद्यावर चित्र, कानावर वाक्य, मग सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचं. लिहिणं-वाचणं नंतर. त्या काळाच्या मानाने हे फार आधुनिक होतं, आणि ब्रिटनला ते एकदम आवडलं. राजकारणही जुळून आलं होतं. जानेवारी 1963 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी ब्रिटनला युरोपीय बाजारपेठेत घ्यायला जाहीरपणे नकार दिला, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत शिक्षणमंत्री एडवर्ड बॉयल यांनी प्राथमिक शाळांत फ्रेंच शिकवण्याचा पथदर्शी प्रयोग जाहीर केला. बॉयल यांचा निर्णय रागातून आला असं म्हणता येत नाही, त्याची तयारी आधीपासून चालू होती. पण योगायोग मजेशीर आहे.

1964 च्या सप्टेंबरात आठ वर्षांच्या मुलांपासून सुरुवात झाली. एकामागून एक तीन तुकड्या मिळून सुमारे अठरा हजार मुलं. नफील्ड फाउंडेशनने त्यांच्यासाठी ‘आं नाव्हां’ हा खास अभ्यासक्रम तयार केला. नावाचा अर्थ ‘चला पुढे’. शिकवणारे बहुतेक शिक्षक वर्गशिक्षकच होते, गणितही तेच आणि फ्रेंचही तेच. त्यांच्यासाठी फ्रान्समध्ये तीन-तीन महिन्यांचे वर्ग भरवले गेले. प्रयोगाचं मूल्यमापन राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन संस्थेकडे होतं आणि काम बघत होत्या क्लेअर बर्स्टॉल. त्यांनी दहा वर्षं या मुलांचा माग काढला. शिक्षणातला एखादा निर्णय घेऊन त्याचं नेमकं काय झालं हे दहा वर्षं चिकाटीने बघणं, हे कुठल्याच देशात फारसं घडत नाही. म्हणून या प्रयोगाची किंमत त्याच्या निकालापेक्षा मोठी आहे असं मला वाटतं.

सुरुवात छान झाली. पालक खूश, मुलं गाणी म्हणू लागली. पण काही वर्षांत मुलांच्या तक्रारी यायला लागल्या. टेपवरचं कळत नाही, कळलं नाही तरी सगळ्यांबरोबर म्हणावं लागतं. शब्द लिहिलेला दिसत नसल्यामुळे एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हेच उमगत नाही. फ्रेंचमध्ये ही अडचण मोठी आहे, कारण बोलताना शब्द एकमेकांत मिसळतात. ‘लेझांफां’ असं कानावर पडलं, तर त्यात ‘मुलं’ किती आणि ‘ती’ किती, हे आठ वर्षांच्या पोराने कसं ओळखायचं?

मग मुलं अकरा वर्षांची झाली आणि माध्यमिक शाळेत गेली. खरा घोटाळा तिथे झाला. माध्यमिक शाळेत चार-पाच वेगवेगळ्या प्राथमिक शाळांमधून मुलं येत. काहींना तीन वर्षं फ्रेंच झालेली, काहींना शून्य. शिक्षकाने काय करावं? बहुतेकांनी सगळ्यांना एका वर्गात बसवलं आणि पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरू केलं. तीन वर्षं शिकून आलेला मुलगा पुन्हा एकदा ‘माझं नाव अमुक’ म्हणू लागला.

1974 साली बर्स्टॉल यांचा शेवटचा अहवाल आला. तेराव्या वर्षी, आठव्या वर्षी सुरू केलेली मुलं ऐकण्यात आणि बोलण्यात पुढे होती. सोळाव्या वर्षी मात्र, अकराव्या वर्षी सुरू केलेल्या मुलांवर त्यांची आघाडी उरली ती फक्त ऐकून समजण्यात. बोलणं, वाचणं, लिहिणं यांत तीन वर्षांची आधीची कमाई पुसली गेली होती. अहवालाने म्हटलं, लवकर सुरुवात केल्याने ठोस फायदा होत नाही. सरकारने हात आखडता घेतला आणि प्राथमिक शाळांतून फ्रेंच जवळजवळ नाहीशी झाली.

या अहवालावर टीका झाली आणि ती बरीचशी रास्त होती. तुलनेच्या गटांचं वय जुळत नव्हतं. शिवाय दोन्ही प्रकारची मुलं एकाच वर्गात मिसळली, तर फरक दिसेलच कसा? माझ्या मते प्रयोगाने ‘लवकर सुरुवात वाईट’ असं मुळीच सिद्ध केलं नाही. त्याने एवढंच दाखवलं, की पहिल्या शाळेतलं शिक्षण दुसऱ्या शाळेने उचललं नाही तर ते वाया जातं. अहवालात दुसरेही निष्कर्ष होते. मथळ्याच्या गडबडीत ते मागे पडले. लहान खेडेगावांतल्या छोट्या शाळांमधली मुलं मोठ्या शाळांपेक्षा चांगली निघाली. मुख्याध्यापकाला फ्रेंचविषयी आस्था आहे की नाही, याचा मुलांच्या निकालावर परिणाम दिसला. फ्रान्सला जाऊन आलेल्या मुलांचा भाषेकडे बघण्याचा दृष्टिकोन वेगळा होता. आणि ज्या मुलांना सुरुवातीलाच थोडं यश मिळालं, ती पुढे टिकली.

लवकर सुरुवातीचा प्रश्न पुढे इतरांनीही तपासला. स्पेनमध्ये बार्सिलोनाला कार्मेन मुन्योस यांच्या गटाने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची तुलना केली: काही आठव्या वर्षी सुरू केलेली, काही अकराव्या. दोघांनाही सारखेच तास मिळाल्यावर मोजलं, तर उशिरा सुरू केलेली मुलं पुढे होती. कारण समजायला अवघड नाही. अकरा वर्षांच्या मुलाला नियम कळतो, नोंद ठेवता येते, कसं शिकायचं हे ठाऊक असतं. लहान मुलाची ताकद वेगळी. दिवसभर कानावर पडत राहिलं, तर ते न शिकवता शिकतं. आठवड्याचे दोन तास म्हणजे ‘दिवसभर’ नव्हे. परदेशी गेलेल्या कुटुंबातलं पाच वर्षांचं पोर वर्षभरात तिथली भाषा फाडफाड बोलतं, म्हणून शाळेतही तसंच होईल, ही गल्लत सगळीकडे होते.

दिवसभर दिल्यावर काय होतं तेही बघून झालं आहे. कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावात 1965 साली इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहावरून एक बालवर्ग सुरू झाला. त्यात सगळं शिक्षण फ्रेंचमधून. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी मुलांवर लक्ष ठेवलं. मुलांची इंग्रजी मागे पडली नाही, गणितही नाही, आणि फ्रेंच ऐकण्या-वाचण्यात ती फ्रेंच मुलांच्या जवळ पोहोचली. बोलताना मात्र अनेक वर्षांनंतरही चुका राहिल्या, विशेषतः लिंगाच्या. मेरिल स्वेन या संशोधिकेने 1985 साली त्याचं कारण मांडलं: या मुलांना ऐकायला भरपूर मिळालं, पण स्वतः बोलून, अडखळून, वाक्य दुरुस्त करायची पाळी कमी आली.

मराठी मुलाला या सगळ्यात एक वेगळीच सवलत मिळते. इंग्रज मुलाला टेबल स्त्रीलिंगी कसं, हेच मुळी पटत नाही. आपण तो दरवाजा, ती खिडकी, ते घर म्हणतच मोठे होतो. फक्त फ्रेंचमध्ये कुठली वस्तू कुठल्या लिंगाची हे नव्याने पाठ करायचं. ‘त्यु’ आणि ‘व्हू’ यांतला फरक इंग्रज मुलाला पानभर समजावून सांगावा लागतो, आपल्याला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ म्हटलं की झालं. नव्वदसाठी फ्रेंच माणूस चार विसा आणि दहा म्हणतो. विसांनी मोजणारी आजी ज्यांनी पाहिली, त्यांना हेही ओळखीचं वाटेल. आपली पंचाईत उच्चारात होते. देवनागरीत लिहिलेलं अक्षर वाचायचं, ही आपली सवय. फ्रेंचमध्ये ‘मी खातो’, ‘तू खातोस’, ‘तो खातो’, ‘ते खातात’ यांतलं क्रियापद तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहितात आणि त्याचा उच्चार चारही वेळा ‘मांज’ असाच करतात.

इंग्लंडात 1970 नंतर पद्धत पुन्हा बदलली. आता भर आला ‘संवादा’वर: दुकानात, हॉटेलात, स्टेशनवर काय बोलायचं. व्याकरण मागे गेलं, तयार वाक्यं पुढे आली. 1988 साली सोळाव्या वर्षी द्यायची जीसीएसई ही नवी परीक्षा सुरू झाली आणि तिच्या आधीच्या ओ-लेव्हलमधलं श्रुतलेखन गेलं. तयार वाक्यांचं काय होतं ते साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या फ्लॉरेन्स माइल्स, रोझमंड मिचेल आणि जॅनेट हूपर यांनी 1990 च्या दशकात साठ मुलांचं बोलणं टेपवर घेऊन तपासलं. मुलं ‘कॉमां तापेल त्यु’, म्हणजे ‘तुझं नाव काय’, हे अख्खं वाक्य एकच शब्द असल्यासारखं उचलायची. मग ‘त्या मुलाचं नाव काय’ असं विचारायची वेळ आली, की त्यालाच शेपूट जोडायची: कॉमां तापेल त्यु ल गार्सों? म्हणजे ‘तुझं नाव काय तो मुलगा?’ ऐकून हसू येईल, पण संशोधकांचा निष्कर्ष महत्त्वाचा होता. ही पाठ वाक्यं टाकून देणारी मुलं पुढे गेली नाहीत. जी मुलं ती जपून ठेवून हळूहळू उसवत गेली, ‘त्यु’ कुठे आहे, तो काढून ‘इल’, म्हणजे ‘तो’, घालता येतो का, असं करत राहिली, त्यांची भाषा सगळ्यात पुढे सरकली. म्हणजे पाठांतर चालतं, पण ते उसवायला वेळ आणि शिक्षक दोन्ही लागतात.

परीक्षेने मात्र उसवण्याची गरजच काढून टाकली. 2009 पासून काही वर्षं जीसीएसईत बोलणं आणि लिहिणं यांची परीक्षा शाळेतच, आधी तयारी करून घ्यायची सोय होती. मुलं परिच्छेद तयार करायची, शिक्षक तपासायचे, मग मुलं ते घोकून म्हणून दाखवायची. गेल्या शनिवारी मी मित्रांबरोबर सिनेमाला गेलो, फार मजा आली. देशभर सगळे गेल्या शनिवारी सिनेमाला गेले होते. महाराष्ट्रात हे कुणाला नवीन वाटू नये. पुण्या-मुंबईत अकरावीत फ्रेंच घेणारी कितीतरी मुलं ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतात, आणि परीक्षेतून काय काढता येतं ते त्यांना बरोबर कळतं.

याच्या उलट इंग्लंडात फ्रेंच हा गुण घालवणारा विषय ठरला. 2004 पासून वयाच्या चौदाव्या वर्षानंतर परकी भाषा सक्तीची राहिली नाही. शाळांना आपल्या निकालाची काळजी, मुलांना आपल्या गुणांची. परीक्षा-नियामक ऑफक्वालने 2019 मध्ये स्वतः मान्य केलं, की फ्रेंच आणि जर्मनला जीसीएसईत इतर विषयांच्या तुलनेत कडक गुण दिले जात होते. तोवर व्हायचं ते झालं होतं. 2002 साली तिथे तीन लाखांहून अधिक मुलं फ्रेंचच्या परीक्षेला बसली. आता सव्वा लाखाच्या आसपास बसतात, आणि 2025 साली स्पॅनिशने फ्रेंचला पहिल्यांदाच मागे टाकलं. अठराव्या वर्षीच्या ए-लेव्हलला तर पंचवीस हजारांच्या वर असलेला आकडा सात हजारांच्या घरात आला.

गंमत म्हणजे, वरच्या टोकाला सक्ती काढली आणि खालच्या टोकाला वाढवली. 2014 पासून इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत सात ते अकरा या वयात परकी भाषा सक्तीची आहे. वर्गशिक्षकच शिकवतो, तास तुटपुंजे मिळतात, आणि अकराव्या वर्षी माध्यमिक शाळेत गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून. बर्स्टॉल यांचा अहवाल तोवर चाळीस वर्षांचा झाला होता.

आपल्याकडे 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हाही चर्चा वयाची झाली. 2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचा निर्णय निघाला, त्यावर रान पेटलं आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. त्या वादात भाषिक अस्मिता होती, राजकारण होतं, आणि ते असणारच होतं. पण आठवड्याला किती तास, शिकवणार कोण, आणि पाचवीच्या शिक्षकाला चौथीपर्यंत काय झालं ते कळणार कसं, हे प्रश्न फार थोड्यांनी विचारले.

इंग्लंडात आता पुन्हा शब्दयादी आली आहे. सप्टेंबर 2024 पासून शिकवला जाणारा आणि 2026 मध्ये पहिल्यांदा परीक्षा होणारा नवा जीसीएसई सांगतो: खालच्या पातळीला 1,200 शब्द, वरच्या पातळीला 1,700. त्यांतले किमान 85 टक्के भाषेतल्या सर्वाधिक वापराच्या 2,000 शब्दांमधून निवडलेले. परीक्षेत मोठ्याने वाचन आहे, आणि ओ-लेव्हलबरोबर गेलेलं श्रुतलेखन परत आलं आहे, कारण अक्षर आणि आवाज यांची गाठ पक्की झाल्याशिवाय ‘मांज’चं कोडं सुटत नाही. मला हा बदल समंजस वाटतो. टीकाकारांचा आक्षेपही ओळखीचा आहे: वारंवारतेच्या मागे लागलं तर रोजच्या वापरातले साधे शब्द यादीबाहेर राहतात. गुगेनेम यांचा काटा सत्तर वर्षांनी पुन्हा हरवू शकतो.

पण यादी कितीही चांगली केली तरी ती शिकवायला माणूस लागतो. ए-लेव्हलला फ्रेंच घेणारे सात हजार, त्यातले थोडे विद्यापीठात ती घेणार, त्यातले आणखी थोडे शिक्षक होणार. भाषेच्या शिक्षकपदाचं प्रशिक्षण घेणाऱ्यांना तिथलं सरकार विद्यावेतन देतं. 2021 साली ते 10 हजार पौंड होतं, दोन वर्षांत ते 25 हजारांवर न्यावं लागलं, आणि तरी शाळा फ्रेंचचे शिक्षक शोधत आहेत.